आडनांवाची राखण

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापावयाचें गेल्या वर्षीं ठरलें, तेव्हांपासून घरांत आडनांवाखेरीज दुसरा विषय नाहीं. आमचें आडनांव तसें विरळ. पोस्टमनापासून बँकेंतील कारकुनापर्यंत प्रत्येकजण तें एकदां तरी चुकीचें लिहितो, आणि दूरच्या गांवीं कोणी त्याच नांवाचा गृहस्थ भेटला म्हणजे चार प्रश्नांत नातें निघतें. असें नांव असलें कीं त्याचा थोडासा अभिमानहि वाटूं लागतो. जणूं काय तें आपणच कमावलें आहे! आमचे थोरले काका या कामाचे अध्वर्यू. माहितीपत्रकें आतां टपालानें फिरत नाहींत. खिशांतल्या यंत्रावरून तीं क्षणांत अमेरिकेपर्यंत जातात आणि दुसऱ्या दिवशीं भरून परत येतात. रकाने मात्र जुनेच राहिले आहेत: मूळ पुरुष, शाखा, पिढी, जन्मशक, वास्तव्य, व्यवसाय. प्रत्येक पुरुषाच्या नांवाखालीं ‘पत्नी’ अशी एक ओळ, आणि मुलींच्या नांवांपुढें ‘विवाहित’ एवढा एकच शब्द.

या शेवटल्या दोन बाबींवरून घरांत वाद उपस्थित झाला. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, “काका, पत्नी म्हणून जें नांव लिहावयाचें तें कोणतें? माहेरचें कीं सासरचें?” काका म्हणाले, “अग, आडनांव पुरुषाकडून चालतें, आणि वृत्तान्त आडनांवाचा आहे. सासरचें नांव पुरे.” काकांचें म्हणणें रूढीस धरून होतें, आणि त्यांच्यापुढें अधिक बोलण्याची आमच्या घरीं पद्धत नाहीं. तथापि आडनांव ‘चालतें’ म्हणजे काय होतें, तें जन्मास कसें येतें, पसरतें कसें आणि टिकतें कोणाच्या हातून, हे प्रश्न आमच्या मनांत घोळूं लागले. त्यांचें उत्तर आम्हांस प्रथम दिसलें तें स्वतःच्या वंशवेलींत नव्हे, तर एका इंग्रजी आडनांवांत. आणि तें आडनांव तरी भेटलें कोठें, तर लोणावळ्यास.

आमच्या आजीचें माहेर मावळांतलें. तिच्या भावाचे नातू अद्याप लोणावळ्यास राहतात. वृत्तान्तासाठीं आजीची माहिती विचारावी, म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही त्यांच्याकडे चार दिवस राहिलों. पाऊस म्हणजे लोणावळ्याचा. घराबाहेर पाय काढण्याची सोय नव्हती. घरांत बोरघाटाच्या रेल्वेविषयीं एक पुस्तक होतें, तें आम्हीं आरंभापासून शेवटपर्यंत वाचून काढलें. त्यांत ‘ट्रेडवेल’ हें नांव आलें. नांव विरळ, आणि विरळ नांवाची चौकशी करण्याची संवय आम्हांस घरींच लागलेली. तेव्हां पुण्यास परत आल्यावर आम्हीं त्याचा माग काढला.

इंग्रजी आडनांवें बहुधा चार वाटांनीं आलेलीं आहेत: गांवावरून, बापाच्या नांवावरून, धंद्यावरून आणि अंगच्या एखाद्या लकबीवरून. आपल्याकडेहि प्रकार थोडेबहुत हेच. गांवाच्या नांवास ‘कर’ लागतो. वृत्तीवरून जोशी, कुलकर्णी, देशपांडे होतात. हुद्द्यावरून चिटणीस, पोतनीस होतात. नाना फडणीस मूळचे भानू, पण दरबारच्या कामानें फडणीस झाले. गोविंदपंत मूळचे खेर, पण बुंदेलखंडांतील कामगिरीनें बुंदेले म्हणून प्रसिद्धीस आले. गांवावरून आलेल्या नांवांत फसगतहि होते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचें नांव ऐकून त्यांचें घराणें मावळांतलें असावें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें नांव रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगें या गांवावरून आलेलें आहे, आणि त्यांची स्वतःची कर्मभूमि तर अहमदाबाद होती. सारांश, आडनांव ऐकून घर ओळखूं जाणें हें नेहमींच सुरक्षित नसतें.

इंग्लंडांत आडनांवें पिढ्यान् पिढ्या चालूं लागलीं तीं १०६६ सालच्या नॉर्मन स्वारीनंतर, आणि तींहि हळूहळू. सुमारें १४०० पर्यंत बहुतेक लोकांस स्थिर आडनांव मिळालें होतें. पुढें १५३८ सालीं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी गांवोगांवच्या चर्चमध्यें ठेवाव्या असा हुकूम झाला, आणि नांवें वहींत बसलीं. तीहि बसलीं तीं लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणें. ट्रेडवेल या नांवांत कोणी एक अक्षर अधिक घालतो, कोणी तें गाळतो. उच्चार मात्र एकच.

त्याचा अर्थ मोठा गमतीचा आहे. ‘ट्रेड’ म्हणजे तुडवणें आणि ‘वेल’ म्हणजे चांगलें. अर्थात् ट्रेडवेल म्हणजे चांगलें तुडवणारा. लोकरीचें कापड मागावरून उतरतें तेव्हां त्याची वीण सैल असते. तें भिजवून, विशिष्ट मातीनें मळवून पायांनीं पुष्कळ वेळ तुडवावें, म्हणजे लोकर आटते आणि पोत दाट होतो. आपल्याकडे घोंगडी मागावरून निघाली कीं तिला चिंचोक्याची खळ देतात. विणलेल्या वस्त्रास अंग आणावयाचें हा हेतु दोहोंकडे एकच. कापड तुडवणाऱ्या या कामकऱ्यास इंग्लंडच्या उत्तरेस ‘वॉकर’, नैर्ऋत्येस ‘टकर’ आणि आग्नेयेस ‘फुलर’ म्हणत. हीं तिन्ही आडनांवें पुढें उदंड वाढलीं. ट्रेडवेल हें त्यांचेंच एक विरळ भावंड होय असें आडनांवांचे अभ्यासक मानतात. आतां, चांगलें तुडवणारा मनुष्य एकाच गांवीं जन्मास येतो असें थोडेंच आहे? दोन ठिकाणीं दोघांस तेंच नांव पडूं शकतें. म्हणून एका आडनांवाचे सगळे लोक एकाच मूळ पुरुषाचे वंशज असतात, ही समजूत विलायतेंतहि खरी नाहीं आणि येथेंहि नाहीं.

सतराव्या शतकांत हें नांव अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेंत गेलें. अलास्कांत डग्लस बेटावर जॉन ट्रेडवेल यानें सोन्याच्या खाणी काढल्या, त्याच्या नांवाचें गांव वसलें. १९१७ सालीं खाणींत समुद्राचें पाणी शिरलें आणि खाणीबरोबर गांवहि ओस पडलें. न्यूयॉर्क शहरीं सीबरी ट्रेडवेल या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानें १८३५ सालीं एक घर विकत घेतलें. त्याचें आठवें अपत्य म्हणजे १८४० सालीं त्याच घरांत जन्मलेली गर्ट्रूड. ती अविवाहित राहिली, आणि १९३३ सालीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, त्याच घरांत वारली. भोंवतालचें शहर बदललें, शेजारचे लोक उठून गेले, पैका आटला. पण बापाच्या वेळची खुर्ची, पडदे, कपडे हें सर्व तिनें जेथल्या तेथें ठेवलें. १९३६ पासून तें घर वस्तुसंग्रहालय म्हणून लोकांस खुलें आहे. त्या घराण्याचें नांव त्या घरावर राहिलें तें मुलग्यांमुळें नव्हे, एका मुलीमुळें. हें वाचून आम्हीं माहितीपत्रकांतील ‘विवाहित’ या शब्दाकडे पुन्हां एकदां पाहिलें.

आतां हेंच नांव बोरघाटांत कसें आलें तें सांगूं.

मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. पुढें कोंकणांतून घाटाच्या पायथ्यापर्यंत रूळ आले. तिकडे वरच्या अंगास १८५८ च्या जून महिन्यांत खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला होता, आणि उतारू तो पालखींत, तट्टावर किंवा पायीं चढत असत. घाटाची वाट सुमारें पावणेसोळा मैलांची, चढ १,८३१ फुटांचा, आणि त्यांत २५ बोगदे व ८ मोठे कमानी पूल बांधावयाचे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनीं आंखणी केली, आणि १८५६ सालीं फेव्हिएल नांवाच्या कंत्राटदारानें काम चालू केलें. मजुरी वेळेवर व पुरती मिळेना, म्हणून १८५९ च्या जानेवारींत मजुरांनीं दंगा केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत फेव्हिएलनें कंत्राट सोडलें.

तें कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यानें घेतलें. त्याच वर्षीं तो पत्नीसह येथें आला, आणि येऊन महिना उलटण्यापूर्वींच आजारानें मरण पावला. परका मुलुख, ओळखीचें मनुष्य नाहीं, हातीं घेतलेलें काम डोंगराएवढें. अशा वेळीं त्याची पत्नी ॲलिस पुढच्या बोटीनें स्वदेशीं परत गेली असती तर तिला कोणी नांव ठेवलें नसतें. पण ती गेली नाहीं. नवऱ्याचें कंत्राट तिनें आपल्या अंगावर घेतलें, ॲडमसन व क्लाउझर या दोन जाणत्या व्यवस्थापकांच्या हातीं प्रत्यक्ष काम सोंपविलें, आणि तें तडीस नेलें. १८६१ सालीं घाटांत एका वेळीं ४२,००० माणसें राबत होतीं. एप्रिल १८६३ मध्यें मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्तें घाट खुला झाला. घाटाच्या कामाचीं छायाचित्रें ॲलिस ट्रेडवेल हिच्या नांवानें आजहि जपून ठेवलेलीं आहेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ट्रेडवेल हें नांव ॲलिसचें जन्माचें नव्हे. तें तिला लग्नानें मिळालें. ज्याचें तें जन्मजात नांव होतें, तो घाटांत महिनाभरहि राहिला नाहीं. बोरघाटाच्या इतिहासांत त्या नांवास जी जागा मिळाली, ती बाहेरून त्या घरांत आलेल्या एका बाईनें मिळवून दिली.

लोणावळ्यास आम्हीं पांच-दहा जणांस ट्रेडवेल हें नांव विचारून पाहिलें. कोणास ठाऊक नव्हतें. नागफणीच्या सुळक्यास साहेब लोकांनीं वेलिंग्टनच्या ड्यूकचें नाक म्हटलें, तें नांव मात्र टांगेवाल्यांपासून मोटारवाल्यांपर्यंत सर्वांच्या तोंडीं उतरलें! घाटांत लोकांच्या जिभेवर आणखी एक नांव आहे, तें शिंग्रोबाचें. शिंग्रोबा हा जातीचा धनगर. डोंगर चढून जाण्याची वाट साहेबास त्यानेंच दाखविली, आणि बक्षीस म्हणून साहेबानें त्यास गोळी घातली, अशी लोककथा आहे. जुन्या रस्त्याच्या कडेला त्याचें देऊळ आहे आणि जातांयेतां मोटारवाले तेथें पैसा टाकून नमस्कार करितात. त्यास आडनांव नाहीं. कागदांत नोंद नाहीं. नुसतें नांव आहे आणि देऊळ आहे. आणि जीं ४२,००० माणसें होतीं, बायकामुलेंसुद्धां, त्यांचें नांवहि नाहीं आणि देऊळहि नाहीं. कड्यावरून दोरानें खालीं सोडून त्यांच्याकडून सुरुंगाचीं भोंकें पाडवून घेतलीं. पटकीनें, तापानें, स्फोटानें त्यांतले हजारों गेले. पहाटेच्या गाडीनें घाट चढतांना बोगदे मोजण्याचा खेळ आपल्या घरचीं मुलें खेळतात. ते बोगदे खोदणाऱ्या माणसांचा कुलवृत्तान्त कोणी छापणार नाहीं. नांव टिकणें हें पुष्कळदां कर्तृत्वावर नव्हे, तर तें लिहून ठेवणारा कोणी होता कीं नाहीं यावर अवलंबून असतें, ही गोष्ट त्या बोगद्यांइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसावयाची नाहीं.

ॲलिसबाईंची कथा काकांस सांगितली तेव्हां ते म्हणाले, “तें विलायतेचें झालें. आपल्या घराण्यांत आडनांव राखतो तो पुरुष.” त्यावर त्यांस विलायतेस नेण्याचें कारणच नव्हतें. लोणावळ्याहून पुण्याकडे येतांना त्याच मावळ तालुक्यांत तळेगांव लागतें. इतर ठिकाणीं गांवाचें नांव घराण्यास चिकटतें. येथें घराण्याचें नांव गांवास चिकटून तळेगांव दाभाडे झालें. खंडेराव दाभाडे यांस १७१७ सालीं शाहू महाराजांनीं सेनापति केलें. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजीं डभईच्या लढाईंत पडले. घराणें तेथेंच मोडावयाचें; पण खंडेरावांच्या पत्नी उमाबाई उभ्या राहिल्या. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांच्या नांवें झालें, कारभार उमाबाईंनीं चालविला, आणि गुजराथेंत फौजा नेल्या. १७५३ सालीं त्या वारल्या, तोंवर दाभाडे म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें उमाबाईच येत. आणि उमाबाई जन्मानें दाभाडे होत्या काय? त्या नाशिककडील अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या. काकांनीं हें सर्व ऐकून घेतलें, चष्मा पुसला, आणि “पुढें?” एवढेंच विचारलें.

पुढचें घरचेंच होतें. आमचे आजोबा १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या सांथींत गेले. आजी त्या वेळीं बावीस वर्षांची, पदरीं दोन मुलें. दिरांनीं आधार दिला, पण जमिनीचे कागद, वंशावळीच्या वह्या, सनदेची नक्कल हें सर्व पत्र्याच्या ट्रंकेंत घालून तिनें आपल्या उशाशीं ठेवलें. त्यानंतर तीन घरें बदललीं. ट्रंक प्रत्येक वेळीं तिच्या हातांतून गेली, हमालाच्या डोक्यावरून गेली नाहीं. आज आमच्या कुलवृत्तान्ताचीं निम्मीं पानें त्या ट्रंकेंतून निघालेलीं आहेत. आणि वृत्तान्ताच्या कच्च्या प्रतींत आजीविषयीं काय होतें? ‘पत्नी’ या शब्दापुढें सासरीं ठेवलेलें नांव, आणि पुढें पूर्णविराम. तांदळाच्या ताम्हणांत सोन्याच्या अंगठीनें तें नांव लिहिलें त्या दिवशीं तिचें आधींचें नांव मिटलें, तें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. आमचे वडील गेले, आत्याबाई गेल्या, विचारावयाचें कोणास?

त्यासाठींच आम्ही लोणावळ्यास गेलों होतों. आजीच्या भावाच्या सूनबाई, वय वर्षें नव्वद, आंथरुणास खिळलेल्या. पण स्मरण चोख. त्या म्हणाल्या, “नांव मला सांगतां येणार नाहीं, आमच्या घरीं त्यांना सगळीं ताईच म्हणत. पण लग्नांत रुखवताबरोबर तांब्याचें घंगाळ दिलें होतें, आणि सासूबाई सांगत कीं, आंदण म्हणून त्यावर ताईंचें माहेरचें नांव घालून दिलें होतें. तें तुमच्याकडे असेल तर पहा.”

घंगाळ आमच्याकडे होतें. माळ्यावर, जुन्या पाटांच्या मागें, शंभर वर्षांच्या धुरानें काळें झालेलें. बंब आल्यापासून त्यास कोणी हात लावला नव्हता. सूनबाईंनीं चिंच व मीठ घेऊन तें घासावयास घेतलें. काका खुर्ची ओढून शेजारीं बसले. प्रथम कांठ उजळला, मग कडी, आणि कांठाखालीं ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलीं अक्षरें दिसूं लागलीं: तीन अक्षरांचें एक नांव, आणि त्यापुढें माहेरचें आडनांव. काकांनीं तें बोटानें चांचपून दोनदां वाचलें. ते आजीचे धाकटे पुतणे. लहानपणीं तिच्याच हातचें जेवलेले. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. नंतर त्यांनीं कच्ची प्रत मागविली आणि ‘पत्नी’ हा रकाना स्वतःच्या हातानें खोडून त्याच्या जागीं दोन रकाने आंखले: जन्मनांव व माहेर. ‘विवाहित’ या शब्दापुढेंहि त्यांनीं सासरचें आडनांव, गांव आणि मुलांचीं नांवें यांस जागा ठेवली. “पानें वाढतील,” सूनबाई म्हणाल्या. “वाढूं देत. कागद महाग असला तरी इतका नाहीं,” काका म्हणाले.

आजीचें नांव आम्ही येथें देत नाहीं. घरच्या बायकांचीं नांवें मासिकांत छापण्याची आमच्याकडे रीत नव्हती, आणि तेवढी एक जुनी रीत आजीला आवडली असती. वृत्तान्तांत तें छापलेलें आहे.

मात्र नव्या रकान्यांमुळें एक अडचण उघड झाली. आमच्या सहा शाखांत मिळून चौदा बायकांचीं जन्मनांवें अद्याप रिकामीं आहेत, आणि त्यांतलीं बहुतेक आतां भरतील असें दिसत नाहीं. विचारावयास माणूसच उरलेलें नाहीं. आतांच्या मुली लग्नानंतर पुष्कळदां स्वतःचेंच नांव कायम ठेवतात. त्यांची काळजी नाहीं. काळजी आहे ती त्यांच्या आज्यांची. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी कोणी वृद्ध आजी किंवा काकू असेल, त्यांनीं हा अंक खालीं ठेवतांच तिच्याजवळ जाऊन बसावें आणि तिचें लग्नापूर्वींचें नांव विचारावें. ती प्रथम हंसेल, “आतां तें कशाला?” म्हणेल. तिला दोन वेळां विचारावें, आणि सांगितलेलें नांव तिच्यासमोरच वहींत लिहून घ्यावें.